ऐतिहासिक स्थळभेट आणि पुराव्याची जाण : नाणेघाटाच्या संदर्भात

प्रस्तावना
मानव्यविद्यांच्या अध्यापनात सहलीचे महत्त्व सर्वमान्य आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही शालेय ज्ञानाची सांगड शाळेबाहेरील जीवनाशी घालण्यावर भर देण्यात आला. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा शाळेची सहल म्हणजे अनेक स्थळे घाईने पाहणे, छायाचित्रे काढणे आणि मार्गदर्शकाने सांगितलेली आख्यायिका ऐकून परतणे, एवढेच तिचे स्वरूप उरते. अशा सहलीतून स्थळाचा परिचय होतो, इतिहासाचे अध्ययन होत नाही. प्रस्तुत लेखात नाणेघाटाच्या आधारे या दोहोंतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नाणेघाट : तीन प्रकारचे पुरावे
जुन्नरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेला हा घाट कोकण आणि देश यांना जोडतो. सोपारा, कल्याण या बंदरांकडील माल सातवाहनकाळात याच वाटेने जुन्नरकडे व पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जात असे. कोकणातील वैशाखरे गावाच्या बाजूने चढणाऱ्या विद्यार्थ्याला व्यापारी मार्ग म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे, हे स्वतःच्या श्रमांतून कळते. भूगोल आणि इतिहास येथे वेगळे राहत नाहीत.

घाटमाथ्यावरील लेण्यात प्राकृत भाषेतील ब्राह्मी लेख आहे. अभ्यासक तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांच्या दानांची नोंद आहे. दानाच्या संख्या अंकचिन्हांत कोरलेल्या असून दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला. हा झाला लिखित पुरावा.

याच लेण्यात एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींची नावे तेथे कोरलेली आहेत. प्रतिमा मात्र नष्ट झाल्या आहेत. काय शिल्लक आहे आणि काय हरवले आहे, हे एकाच दृष्टिक्षेपात दिसते. पुरावा अपूर्ण असतो, ही गोष्ट वर्गात सांगून जितकी पटत नाही तितकी येथे पटते.

तिसरी वस्तू म्हणजे घाटातील दगडी रांजण. हा जकातीची नाणी टाकण्याचा रांजण होता, असे परंपरा सांगते. व्यापारी मार्गावर जकात घेतली जाणे संभवनीय आहे. परंतु नागनिकेचा लेख यज्ञ व दान यांविषयी आहे, रांजणाविषयी नाही. येथेच शिक्षकाने थांबावे. ‘हे आपल्याला कशावरून कळते?’ हा प्रश्न विचारताच लेखातील विधान, अभ्यासकाचे अनुमान आणि लोकपरंपरा या तिन्ही गोष्टी विद्यार्थी वेगळ्या करू लागतो. परंपरेचा अवमान न करता तिचे मूल्य पारखणे हे इतिहासशिक्षणाचे मर्म आहे.

पूर्वतयारी व पाठपुरावा
हे आपोआप घडत नाही. सहलीपूर्वी घाटाचा नकाशा व लेखाचा मराठी सारांश वर्गात वाचून घ्यावा. स्थळावर प्रत्येक गटाला एकच काम द्यावे. परतल्यावर ‘पाहिले’, ‘ऐकले’ व ‘अनुमान केले’ अशा तीन रकान्यांत नोंदी कराव्यात. एका दिवसात पाच स्थळे पाहण्यापेक्षा एकाच स्थळी तीन तास थांबणे अधिक फलदायी ठरते. तसेच खर्च न परवडल्याने काही विद्यार्थी घरीच राहत असतील, तर गावातील वीरगळ, जुनी बारव किंवा मंदिरातील शिलालेख हाही तितकाच समर्थ पाठ ठरू शकतो. पद्धत महत्त्वाची आहे, अंतर नव्हे.

निष्कर्ष
ऐतिहासिक वास्तूंच्या भिंतींवर नावे कोरणारे हात बहुधा केव्हातरी शाळेच्या सहलीला येऊन गेलेले असतात. त्यांना वास्तू दाखविली गेली, पण ती पुरावा आहे हे सांगितले गेले नाही. एक अक्षर खरवडले गेले तर एक वाक्य कायमचे हरवते, हे ज्याने लेखासमोर उभे राहून अनुभवले, त्याला संरक्षणाचा वेगळा उपदेश करावा लागत नाही. आख्यायिका आणि पुरावा यांतील फरक ओळखणारा नागरिक घडविणे हे मानव्यविद्यांचे प्रयोजन असेल, तर सहल हा अभ्यासक्रमाचा विरंगुळा न राहता त्याचा अविभाज्य भाग झाला पाहिजे.