चिपची चावी हरवली, गाडी बंद पडली किंवा चोरीला गेली तर काय कराल? येडगाव परिसरातील वाहनधारकांसाठी संपूर्ण माहिती

येडगाव (ता. जुन्नर) : पूर्वी गाडीची चावी हरवली की बाजारातला चावीवाला पाच-दहा मिनिटांत कानस मारून दुसरी करून द्यायचा. आता तसं राहिलं नाही. नवी चावी दरवाजाला लागते, इग्निशनमध्ये फिरते, पण इंजिन काही सुरू होत नाही. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. नारायणगावला टोमॅटो टाकून रात्री परतताना दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यावर असं झालं, तर बिबट्याच्या या पट्ट्यात ती नुसती गैरसोय राहत नाही. म्हणून ही यंत्रणा नेमकी कशी चालते, हे प्रत्येक वाहनधारकाला माहीत असायला हवं.

चावीत चिप कशासाठी?

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा छोट्या चौकोनी तुकड्यासारखी चिप असते. चावी घालण्याच्या जागेभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की या कड्यातून चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड सांगते. गाडीच्या कॉम्प्युटरला कोड पटला तरच इंजिन चालू होतं. याला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांत हीच यंत्रणा 'आय-कॅट्स' नावाने ओळखली जाते.

युरोपात १९९८ पासून नवीन मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, तर कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे इमोबिलायझर नसलेल्या काही मोटारी सहज पळवता येतात, असे व्हिडिओ २०२१-२२ च्या सुमारास मोबाईलवर फिरले आणि त्या गाड्यांच्या चोऱ्या एकदम वाढल्या. एवढीशी चिप काय काम करते, ते यावरून लक्षात येतं.

रिमोटचा सेल आणि चिप वेगळे

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. रिमोटचा सेल संपला तर दरवाजे बटणावर उघडत नाहीत. पण घालून फिरवायच्या चावीतल्या चिपला सहसा सेल लागत नाही. त्यामुळे दरवाजा चावीने उघडा आणि नेहमीप्रमाणे गाडी सुरू करा.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटच्या आत एक साधी चावी लपवलेली असते. तिने दरवाजा उघडा. मग बऱ्याच गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ती दिलेली असते, एकदा दिवसाउजेडी बघून ठेवा.

गाडी सुरू होत नसेल तर आधी हे करा

१. चावी काढा, थोडा वेळ थांबा आणि परत लावा. सारखा सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल.

२. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपची चावी असेल तर ती बाजूला काढा. दोन चिपा जवळ आल्या की कोड वाचताना घोळ होऊ शकतो.

३. घरी दुसरी चावी असेल तर कुणाला तरी ती घेऊन बोलवा. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत आहे.

४. गाडीची बॅटरी उतरली असेल तरीही असाच त्रास होतो. हेडलाईट मंद पेटत असेल तर आधी बॅटरी तपासा.

चावीचं कव्हर तुटलं म्हणून नवीन बसवताना खास काळजी घ्या. जुन्या मुठीतली चिप काढून नव्या मुठीत टाकावी लागते. ती जुन्या कव्हरसोबत कचऱ्यात गेली तर गाडी जागेवरच उभी राहते.

दुसरी चावी एक हातात असतानाच करा

एक चालू चावी हातात असेल तर दुसरी बनवणं तुलनेने सोपं आणि स्वस्त पडतं. दोन्ही हरवल्या तर गाडी टोचन करून शोरूमला न्यावी लागते. आरसी आणि मालकाचं ओळखपत्र दाखवावं लागतं. काही गाड्यांत कॉम्प्युटरचा भागही बदलावा लागतो आणि खर्च बराच वाढतो.

नव्या गाडीसोबत बहुतेक वेळा चावीचा नंबर कोरलेला छोटा पत्रा किंवा टॅग मिळतो. तो चावीच्या जुडग्यात ठेवू नका, घरी कागदपत्रांसोबत ठेवा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. एकच मिळाली तर शोरूममध्ये जुन्या चाव्यांची नोंद पुसून घ्या, नाहीतर दुसरी चावी कुणाकडे आहे हे कळणार नाही.

चिप असली तरी गाडी चोरीला जाऊ शकते

इमोबिलायझर इंजिन अडवतो, गाडी उचलून नेणं अडवत नाही. मोटारसायकल टेम्पोत टाकून नेता येते. शिवाय साध्या मोटारसायकलींना चिप नसतेच, हँडल लॉक तोडलं की काम झालं. जुन्या ट्रॅक्टरचंही तसंच आहे. एका ट्रॅक्टरची चावी त्याच कंपनीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरला लागते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. अशा वाहनांसाठी पुढील उपाय उपयोगी पडतात :

• चाकात साखळी किंवा डिस्क लॉक लावा. मोटारसायकल शक्यतो खांबाला किंवा झाडाला बांधा.

• ट्रॅक्टरला बॅटरी कट-ऑफ स्विच चांगल्या वायरमनकडून बसवा. वॉरंटीतल्या वाहनाची वायर कापण्याआधी शोरूमला विचारा.

• जीपीएस ट्रॅकर बसवला तर त्याचं सिम वेळेवर रिचार्ज करा.

• बटण स्टार्ट गाडीचा रिमोट रात्री दरवाजाजवळच्या खुंटीला अडकवू नका. त्याचा सिग्नल बाहेरून पकडून गाडी उघडण्याचे प्रकार घडतात. तो पत्र्याच्या डब्यात ठेवा.

• आठवडे बाजारात 'दोनच मिनिटांत आलो' म्हणून चावी गाडीला ठेवू नका. चावी गाडीतच असेल तर कोणतीही चिप उपयोगाची नाही.

चोरी झाली तर

लगेच ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, जुन्नर, मंचर, घोडेगाव यांपैकी जे ठाणे जवळ असेल तिथे जा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. इंजिन नंबर आणि चासी नंबर सांगावा लागतो, म्हणून आरसीचा फोटो मोबाईलमध्ये आधीच ठेवा.

त्यानंतर विमा कंपनीला आणि एमएच-१४ च्या म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओला लेखी कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, त्यासाठी फुल इन्शुरन्स लागतो. क्लेमच्या वेळी कंपनी साधारणपणे दोन्ही चाव्या मागते. एक चावी आधीच हरवली असेल तर त्याची पोलिसांत नोंद त्याच वेळी करून ठेवावी, नाहीतर 'चावी गाडीलाच होती' असा संशय येतो. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा तपास संपल्याचा अहवाल, ज्याला 'अ समरी' म्हणतात, तोही क्लेमला जोडावा लागतो.

कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून धीर सोडू नका. एका चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये निकाल दिला आहे. त्यात एफआयआर त्याच दिवशी झाली होती, विमा कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं होतं. पोलिसांत तक्रार वेळेत दिली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ या उशिरामुळे क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मात्र एफआयआरला उशीर करू नका, सगळी मदार तिच्यावरच असते.

आजच तपासा

दुसरी चावी घरात कुठे आहे? ती लावून गाडी सुरू होते का? चावीच्या नंबरचा टॅग सापडतो का? विमा फुल आहे की थर्ड पार्टी, आणि त्याची मुदत कधी संपते? आरसीचा फोटो मोबाईलमध्ये आहे का? या पाच गोष्टी बघायला अर्धा तासही लागत नाही.