पाण्याखालचे सॅपर

इंग्लंडातील पोर्ट्‌समथ बंदराबाहेर स्पिटहेड नावाचा जहाजांचा नांगरवाडा आहे. तेथे २९ ऑगस्ट १७८२ रोजी ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची युद्धनौका नांगरावर उभी असतानाच कलंडून बुडाली. आठशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत ॲडमिरल केम्पेनफेल्टही होता. त्याच्यावर विल्यम कूपर या कवीने कविता लिहिली. पण मला सांगायचे आहे ते पुढे सत्तावन्न वर्षांनी त्या सांगाड्यावर उतरलेल्या साध्या शिपायांविषयी. मी शाळेत इतिहास शिकवतो. अशा माणसांना आमच्या क्रमिक पुस्तकांत ओळभरही जागा नसते.

सांगाड्यामुळे जहाजांच्या नांगरांना अडथळा होई. १८३९ साली तो सुरुंगांनी उडवण्याचे काम कर्नल पास्ली यांनी अंगावर घेतले. चॅटमची लष्करी इंजिनिअरीची शाळा त्यांच्याच हाताखाली होती. माणसे निवडली ती ‘सॅपर’ पलटणीतली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे हा शब्द आपल्याला परका नाही. खंदक खणणे, सुरुंग लावणे हा त्यांचा धंदा. तोच आता सुमारे ६५ फूट पाण्याखाली, चिखलात चाचपडत करायचा! दारूचे पिंप सांगाड्याला बांधायचे, ते वरून विजेच्या बॅटरीने उडवायचे, मग फुटलेल्या लाकडांना दोर अडकवायचे.

विद्या शिकायची ती कामावरच. किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे. झीब याने बनवलेल्या बंद पोशाखाच्या तांब्याच्या टोपाला उलटी हवा रोखणारी झडप नव्हती. विल्यम्स नावाच्या शिपायाची हवेची नळी फुटली, तेव्हा टोपातली हवा क्षणात निसटली आणि पाण्याच्या दाबाने त्याला अक्षरशः पिळून काढले. तो वाचला, हे नशीब. पाणबुड्यांनी जोडीने काम करावे, हा पास्लीसाहेबांचा नियम पुढे सर्वत्र रूढ झाला.

अर्थात जोडीदार नेहमीच गुण्यागोविंदाने नांदत असे नव्हे. जोन्स आणि गर्वन या दोघांनी एकदा एकच लाकूड पकडले आणि समुद्राच्या तळाशी मारामारी जुंपली! जोन्सच्या लाथेने गर्वनच्या टोपाची काच फुटली. त्याला तातडीने वर ओढले म्हणून जगला. पुढे दोघांचे उत्तम जमले म्हणतात. मला ही हकिकत साऱ्या सुरुंगांहून अधिक आवडते.

१८४३ साली याच अनुभवावरून ब्रिटिश आरमाराने पाणबुड्यांची शाळा काढली. शिपायांनी कमावलेले खलाशांच्या हाती गेले. एक गोष्ट मात्र तेव्हा कोणालाच उमगली नव्हती. स्पिटहेडचा एकही मुरलेला पाणबुड्या सांधेदुखीतून सुटला नाही, आणि तिला थंडीचा संधिवात म्हणत. दाब एकदम उतरला की रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे पॉल बेर याने १८७८ साली दाखवले. किती वेळ तळाशी राहिल्यावर किती सावकाश वर यावे, याची कोष्टके हॉल्डेन यांनी दिली ती थेट १९०८ साली.