आज्ञावली-भाषा व उपजीविका

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास आज्ञावली वा प्रोग्रॅम म्हणतात व ती लिहिण्याकरिता योजलेल्या कृत्रिम भाषेस आज्ञावली-भाषा असे म्हणतात. १९५० नंतर अशा भाषा शेकड्यांनी निर्माण झाल्या. परंतु मोठ्या संख्येने लोकांची उपजीविका चालली ती त्यांपैकी मोजक्याच भाषांवर. त्यामुळे व्यवसायासाठी कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न आज्ञावलीकारांच्या प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला. भाषेची तार्किक गुणवत्ता व तिच्यावर मिळणारा रोजगार यांचा मेळ या इतिहासात क्वचितच बसलेला दिसतो. फोर्ट्रान व विशेषेकरून कोबॉल या दोन जुन्या भाषांच्या वाटचालीवरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

आरंभीच्या संगणकांसाठी आज्ञा त्या त्या यंत्राच्या अंकी संकेतांत लिहाव्या लागत. यंत्र बदलले की आज्ञावली निरुपयोगी ठरे आणि ती लिहिणाऱ्याचे कसबही बव्हंशी वाया जाई. माणसाला सोयीच्या चिन्हांत लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर यंत्राकडूनच करून घ्यावे, ही कल्पना अमेरिकेतील ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये प्रत्यक्षात आणण्यास सुरुवात केली. असे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक वा कंपायलर म्हणतात. आयबीएम या कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून फोर्ट्रान भाषेवर काम केले व एप्रिल १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तिचा संकलक ग्राहकांच्या हाती पडला. निष्णात माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या वेगाची बरोबरी संकलक करू शकणार नाही, असा अनेकांचा समज होता. तो फोर्ट्रानने खोटा ठरविला. गणिती सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येत असल्यामुळे शास्त्रज्ञ व अभियंते यांनी ती त्वरेने स्वीकारली.

हिशेबाच्या कामास मात्र ती फारशी सोयीची नव्हती. द्विमान पद्धतीच्या चल-बिंदू अंकनात ०.१ यासारखी साधी दशांश संख्याही नेमकी मांडता येत नाही. उपग्रहाच्या कक्षेच्या गणितात ही सूक्ष्म तफावत आटोक्यात ठेवता येते, पण बँकेच्या खतावणीत ती खपत नाही. शिवाय कचेऱ्यांतील कामात गणित थोडे आणि नोंदींची मांडणी, जुळणी व छपाई फार असते. या गरजेतून हॉपर यांनी युनिव्हॅक यंत्रांसाठी इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची फ्लो-मॅटिक ही भाषा तयार केली होती. परंतु प्रत्येक यंत्रोत्पादकाची भाषा निराळी असल्याने एका कंपनीचे यंत्र घेतलेला ग्राहक तिच्याशी जखडला जाई.

बरोज कंपनीतील मेरी हॉज यांनी सर्व यंत्रांवर चालेल अशा सामाईक व्यापारी भाषेची मागणी पुढे मांडली. ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राथमिक बैठक झाली व २८-२९ मे रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या मुख्यालयात सुमारे ४० प्रतिनिधी जमले. त्या वेळी या खात्याकडे २२५ संगणक होते, आणखी १७५ मागविलेले होते आणि आज्ञावली लिहवून घेण्यावर २० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झालेला होता. या कामासाठी नेमलेल्या समितीने काही महिन्यांत मसुदा सिद्ध केला. समितीचे काम रखडलेले पाहून आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी ‘कोबॉल’ अशी अक्षरे कोरलेली, माथ्यावर कोकराची आकृती असलेली थडग्याची एक शिळाच संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिली होती. जन्मापूर्वीच जिच्या मरणाची अशी चेष्टा झाली ती भाषा साठीनंतरही कामावर आहे. ६ व ७ डिसेंबर १९६० रोजी आरसीए ५०१ व युनिव्हॅक २ या दोन भिन्न यंत्रांवर जवळजवळ एकच कोबॉल आज्ञावली चालवून दाखविण्यात आली. तथापि भाषेचे भवितव्य ठरविले ते संरक्षण खात्याच्या एका अटीने : ज्या यंत्रास कोबॉलचा संकलक नाही ते यंत्र, तसे सबळ कारण दाखविल्याखेरीज, खात्याकडून विकत वा भाड्याने घेतले जाणार नव्हते. एवढा मोठा ग्राहक गमावणे कोणाही उत्पादकास परवडणारे नव्हते.

कोबॉलची आज्ञावली ओळख, यंत्रसामग्री, माहिती व कार्यपद्धती अशा चार विभागांत लिहिली जाते. ‘सबट्रॅक्ट टॅक्स फ्रॉम ग्रॉस गिव्हिंग नेट’, म्हणजे ढोबळ रकमेतून कर वजा करून निव्वळ रक्कम मांड, असे तिचे वाक्य असते. प्रत्येक रकमेला किती अंकी घरे व दशांशचिन्हानंतर किती घरे हे आधीच ठरवून द्यावे लागते. त्यामुळे पैशांचा हिशेब नेमका राहतो. भाषा शब्दबंबाळ खरीच. विद्वानांना ती कधीच रुचली नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डेइक्स्ट्रा यांनी तर १९७५ मध्ये, ही भाषा बुद्धीला पंगू करते व ती शिकविणे गुन्हा समजला पाहिजे, अशा आशयाची टीका केली. विद्यापीठे अल्गॉल वा पास्कालसारख्या सुघटित भाषांकडे वळली आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती नोकरीसाठी कोबॉल येते का, हेच विचारीत राहिली. वर्गात मान्यता पावलेली भाषा व वेतन देणारी भाषा यांतील हे अंतर त्या काळच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जाणवले असणार.

केवळ अधिकाराने भाषा रुजते असेही नाही. फोर्ट्रान व कोबॉल या दोहोंची जागा घ्यावी म्हणून आयबीएमने १९६४ नंतर पीएल/वन ही भाषा पुढे आणली. तिने दोहोंपैकी एकीलाही हटविले नाही. ज्या संरक्षण खात्याने कोबॉलला आश्रय दिला, त्यानेच पुढे आडा ही काळजीपूर्वक रचलेली भाषा तयार करवून घेतली व १९९१ मध्ये ती सक्तीची केली. १९९७ मध्ये ही सक्ती मागे घ्यावी लागली. १९६० मध्ये हे खाते संगणकांचे सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक होते. १९९० नंतर बाजारपेठ त्याच्या हाती राहिली नव्हती आणि बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचलेली सी भाषा युनिक्स प्रणालीबरोबर सर्वत्र पोचली होती.

भारतातही ही विभागणी दिसून आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे यंत्र आले. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० बसविण्यात आले. अशा संस्थांतून शिकणाऱ्या वैज्ञानिकांची व अभियंत्यांची पहिली भाषा बहुधा फोर्ट्रान असे. मुंबईतील व्यापारी संगणनाचा मार्ग निराळा होता. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला १९७४ च्या सुमारास बरोज कंपनीकडून एका रुग्णालयाच्या हिशेबाच्या आज्ञावली बरोजच्याच एका मालिकेच्या कोबॉलमधून दुसऱ्या मालिकेच्या कोबॉलमध्ये उतरवून देण्याचे काम मिळाले. बरोजचे यंत्र हाताशी नसल्याने ते मुंबईतील आयसीएल १९०३ या यंत्रावर पार पाडण्यात आले. सर्व यंत्रांसाठी एकच म्हणून निर्माण झालेल्या भाषेच्या पोटभाषांमधील भाषांतर हे भारताच्या आज्ञावली-निर्यातीच्या आरंभीच्या कामांपैकी एक असावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला व अन्य उत्पादकांची यंत्रे देशात वाढली. एकाच यंत्रावर विसंबता न आल्यामुळे येथील आज्ञावलीकारांना एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्याची सवय झाली आणि मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून चाललेल्या व्यवसायात ती उपयोगी पडली.

कोबॉलच्या आश्रयाने सर्वाधिक लोकांना एकदम काम मिळाले ते १९९५ ते १९९९ या काळात. ८० स्तंभांच्या छिद्रपत्रांवर व महागड्या स्मृतीत जागा वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात. २००० साल उजाडताच ‘००’ हे वर्ष १९०० समजले जाऊन व्याज, मुदती व वये चुकण्याचा धोका होता. लाखो ओळी वाचून तारखांच्या जागा शोधणे हे वेळखाऊ काम होते. मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, बंगलोर येथील कंपन्यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. खाजगी प्रशिक्षण वर्गांतून कोबॉलचे अल्प मुदतीचे पाठ सुरू झाले. अमेरिकेने एच-१बी प्रवेशपरवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९८ च्या कायद्याने १,१५,००० केली. गणित, वाणिज्य वा यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या अनेक मराठी तरुणांनीही याच दाराने परदेशी नोकरीत पाऊल टाकले.

१ जानेवारी २००० ला मोठा घोळ झाला नाही आणि ज्या कामासाठी ही भाषा घाईने शिकविली गेली होती ते कामही आटोपले. पाठोपाठ २००१ मध्ये अमेरिकेतील माहिती-उद्योगात मंदी आली. केवळ तारीख-दुरुस्तीपुरते कोबॉल शिकलेल्यांना याची झळ अधिक बसली. जुन्या आज्ञावली वाचता वाचता बँकेतील व्याजाचे नियम, विम्याच्या दाव्यांची रीत वा कर्जखात्यांची रचना ज्यांना उमगली होती, त्यांना १९९५ मध्ये पुढे आलेल्या जावा भाषेकडे वळणे तुलनेने सोपे गेले. कारण तेच नियम आता नव्या भाषेत लिहिले जात होते.

फोर्ट्रानचे आयुष्य निराळ्या रीतीने लांबले. रेषीय बीजगणितासाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला लॅपॅक हा तिच्यातील आज्ञावलींचा संग्रह आजही वापरात आहे. पायथॉनमध्ये गणित करणारा विद्यार्थी नकळत अनेकदा त्याचाच आधार घेतो. हवामानाच्या अनेक प्रतिकृतीही फोर्ट्रानमध्येच आहेत. कोबॉलच्या बाबतीत एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांना, ही भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. साथीमुळे बेकार झालेल्यांच्या भत्त्याच्या अर्जांचा लोंढा राज्याच्या जुन्या यंत्रणेवर कोसळला होता आणि ती सांभाळणारे बहुतेक निवृत्त झालेले होते. २०२३ मध्ये कोबॉलच्या आंतरराष्ट्रीय मानकाची नवी आवृत्ती निघाली व त्याच वर्षी आयबीएमने कोबॉलचे जावात रूपांतर करण्यास साहाय्य करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जाहीर केले. अशा रूपांतराची तपासणी मूळ आज्ञावली वाचू शकणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी लागते.