स्नायूंत धरणारे हाड

माहुलला मूल आजारी पडले की बोट आधी धुराकडे जाते. १९५४-५५ साली या किनाऱ्यावर तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले, तेव्हापासूनचे हवेचे भांडण संपलेले नाही आणि त्यातून आम्ही हटणारही नाही. परंतु आज जिचा इतिहास सांगावयाचा आहे ती व्याधी धुराची नव्हे. तिच्यात मुलाच्या मांसातच हाड धरते.

१७३६ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शस्त्रवैद्य जॉन फ्रीक यांनी रॉयल सोसायटीस एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत कळविली. मणक्यांतून व बरगड्यांतून हाडे फुटून पोवळ्याच्या फांद्यांसारखी पाठभर गुंतली होती. पोरगा जणू हाडाच्या चिलखतात अडकला होता. पुढे वैद्य अशा गाठी कापीत राहिले, आणि कापले तेथे अधिकच हाड आले. फिलाडेल्फियाचा हॅरी ईस्टलॅक १९३३ साली जन्मला, त्याच्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. १९७३ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे ओठ तेवढे हलत होते. देह त्याने शास्त्राला दिला. सांगाडा त्याच शहरातील म्युटर संग्रहालयात आहे. इतके देऊन जाणारा माणूस आम्हांला मोठा वाटतो.

कारण सापडले २००६ साली, तेही फिलाडेल्फियातच: एका जनुकातील एका अक्षराचा फरक. मार लागून सूज आली की शरीर स्नायू सांधण्याऐवजी आधी कूर्चा व मग हाड घडविते. हृदय, जीभ व श्वासपटल मात्र सुटतात. रोग दहा-वीस लाखांत एखाद्यास होतो, पण खूण बहुधा जन्मतःच असते. पायाचा अंगठा आखूड व आत वळलेला. ती पाहावयास यंत्र नको, सुईणीचे डोळे पुरतात. अशा मुलाच्या स्नायूत सुई टोचणे किंवा गाठीचा तुकडा काढणे हेच घातक ठरते. २०२३ साली अमेरिकेत एका औषधास मान्यता मिळाली. ते नवे हाड कमी करते, जुने विरघळवीत नाही.

आमच्याकडे याच्या जवळचा, पण जनुकाशी संबंध नसलेला प्रकार अधिक आढळतो. कोपर निखळलेले मूल हाडवैद्याकडे नेतात, तो तेल लावून रगडतो, आणि कोपरापुढच्या स्नायूत हाड धरून हात आखडतो. हाडवैद्याला शिव्या देणे सोपे आहे. रोज बुडवून इस्पितळाच्या रांगेत उभे राहणे सोपे नाही. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून गिरणगावाला जवळचे; २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात दुर्मिळ रोगांसाठी नेमलेल्या केंद्रांत तेही आहे. माहुलहून तेथे मूल घेऊन जाणाऱ्या कामगार आईला त्या दिवसाचा पगार मिळावा, हे कलम आम्ही मागणीपत्रकात घातले आहे.