पंगतींतला बटाटा आणि आदल्या दिवसाचा स्वयंपाक



घरीं दहा-बारा पाहुणे जेवावयास यावयाचे ठरलें, म्हणजे गृहिणीच्या मनांत हिशेब सुरू होतो. पक्वान्न कोणतें, हें बहुधा सणावरून किंवा पाहुण्यांच्या आवडीवरून ठरून जातें. परंतु त्याच्या जोडीला काय असावें, आणि त्यांतलें आदल्या रात्रीं काय उरकून ठेवतां येईल, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नाहीं. अशा वेळीं हात आपोआप बटाट्याच्या टोपलीकडे जातो. हा परदेशी कंद आपल्या पंगतीला कसा येऊन बसला, आणि आदल्या दिवशीं केलेलें अन्न पानांत वाढण्याची मुभा आपल्या परंपरेनें कोठवर दिली आहे, या दोन गोष्टींचा इतिहास पाहिला तर ही निवड पुष्कळ सोपी होते.

प्रथम नांवच घेऊं. उत्तरेकडील लोक ज्याला आलू म्हणतात, त्याला आपण व आपले गुजराती शेजारी बटाटा म्हणतों. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मी राहतों तें सरावली गांव डहाणू तालुक्यांतलें. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें डहाणूचा किनाराही त्यांच्या अंमलाखालीं गेला, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत तो मराठ्यांनीं घेतला. राज्य गेलें, पण शब्द राहिला. गंमत अशी कीं, हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतल्या लोकांचा, आणि तेथें त्याचा अर्थ रताळें असा होता; खरा बटाटा हा पेरूकडील अँडीज पर्वतांतला. युरोपियनांनीं दोन कंदांचीं नांवें एकमेकांत मिसळलीं, आणि त्या घोटाळ्याचा वारसा आपल्याकडेही आला.

म्हणूनच जुन्या कागदांतून बटाटा शोधतांना सावध राहावें लागतें. जहांगीर बादशहाच्या दरबारीं १६१५ ते १६१९ पर्यंत इंग्रजांचा वकील असलेल्या सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नांवाचा पाद्री होता. आसफखानानें वकिलास दिलेल्या मेजवानीचें त्यानें वर्णन केलें आहे, आणि त्यांत उत्तम रांधलेल्या ‘पोटॅटो’चा उल्लेख येतो. हिंदुस्थानांतल्या मेजवानींतला पहिला बटाटा म्हणून हा उतारा पुष्कळदां दाखवितात. परंतु त्या काळच्या इंग्रजींत ‘पोटॅटो’ म्हणजे बहुधा रताळेंच असे. तेव्हां त्या मेजवानीचा मान कोणत्या कंदास द्यावा, याचा निकाल घाईनें लावूं नये.

शेतांतल्या बटाट्याचा प्रसार मुख्यतः इंग्रजी अमदानींतला. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या वेळीं महाबळेश्वरास गिरिस्थान वसलें आणि तेथें चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग उभा राहिला. या कैद्यांनीं डोंगराच्या थंड हवेंत बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. म्हणजे साहेबांच्या टेबलावरचा बटाटा पिकला तो दूर देशाहून बेड्या घालून आणलेल्या माणसांच्या घामावर. ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे. पुढें पुणें जिल्ह्यांत खेड, मंचर, जुन्नर या बाजूस त्याची लागवड चांगली जमली. १८६४ सालीं मुंबईहून गुजरातकडे आगगाडी सुरू झाली, आणि आमच्या किनाऱ्यास बाहेरचा माल सुलभ झाला.

कारण आमची भूमि मुळांत दुसऱ्या कंदांची. कोनफळ, सुरण, करांदे, रताळीं यांवर येथील आदिवासी व शेतकरी कुटुंबांनीं कित्येक पावसाळे काढले आहेत. संक्रांतीच्या सुमारास वाडवळ घरांतून उकडहंडी होते. वलसाडकडे उंबाडियु होतें. त्यांत हे जुने कंद आणि वालाच्या शेंगा यांच्या शेजारीं आज बटाटाही निमूटपणें शिजत असतो. नव्या पाहुण्यास आपल्या हंडींत जागा करून देण्याची ही रीत मला फार बोधप्रद वाटते.

आणि पाहुणा लवकरच घरचा झाला. उपवासाला धान्य वर्ज्य, पण कंद चालतो. या नियमाच्या आधारें बटाटा थेट एकादशीच्या ताटांत जाऊन बसला. किंबहुना साबुदाण्याचा कंद, भुईमूग, रताळें, मिरची आणि बटाटा हीं सर्वच मूळचीं अमेरिकेचीं. आपलें उपवासाचें ताट हें जवळजवळ अमेरिकेचेंच ताट आहे! उलट जैन धर्मीय कंदमुळें वर्ज्य मानतात. म्हणून पाहुण्यांत जैन कुटुंब असेल, तर तीच भाजी कच्च्या केळ्याची वेगळी करून ठेवणें हाच सुज्ञ उपाय होय.

आतां दुसरा प्रश्न, आदल्या दिवसाच्या अन्नाचा. सोंवळ्याच्या काळांत शिळें अन्न निषिद्ध मानीत, हें खरें. तथापि त्याच परंपरेनें अपवादही केले होते. प्रवासाच्या शिदोरीसाठीं दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या होत्या. उन्हाळ्यांत घालावयाचें वाळवण होतें. त्यांत पुढें बटाट्याचा कीस व पापड आले. आणि शीतळासप्तमी होती. आमच्या तालुक्यांत गुजराती वस्ती पुष्कळ; त्यांच्याकडे श्रावण वद्य षष्ठीस ‘रांधण छठ’ म्हणतात. त्या दिवशीं सारें रांधून ठेवावयाचें, चूल शांत करून तिची पूजा करावयाची, आणि सप्तमीस थंडच जेवावयाचें. मराठी घरांतून हें व्रत श्रावण शुद्ध सप्तमीस करतात. चुलीला एक दिवस विश्रांति देणारा हा सण रांधणाऱ्या हातांनाही विश्रांति देतो.

या अपवादांत एक सूत्र दिसतें: ज्यांत पाणी व ओलावा कमी तें टिकतें, ओलें खोबरें, कांदा व पातळ रस ज्यांत असतो तें लवकर बिघडतें. हेंच सूत्र मेजवानीस लावूं.

पानाच्या उजव्या बाजूस पिवळी सुकी भाजी हा सर्वांत विश्वासाचा पदार्थ. बटाटे आदल्या दिवशींच सालासकट उकडावे. गार झाल्यावर त्यांतला पिष्टांश घट्ट बसतो, त्यामुळें सकाळीं केलेल्या फोडी परततांना मोडत नाहींत. हिंग, मोहरी, हळद, आलें, मिरची यांवर भाजी करून ठेवावी. खोबरें, कोथिंबीर व लिंबाचा रस मात्र वाढतेवेळीं घालावा. डाव्या बाजूस दह्यांतलें भरीत. त्याचे बटाटे आधीं उकडून ठेवावे, परंतु दहीं, मीठ व जिऱ्याची फोडणी पानें मांडल्यावर. नाहींतर दहीं आंबतें आणि पाणी सुटतें. तिसरा पदार्थ पॅटिस. सारण भरून, आकार देऊन ठेवावे व पाहुणे आल्यावर तळावे. ओल्या नारळाचें वाटण घातलेला रस्सा आणि कुरकुरीत काचऱ्या यांच्या वाटेस आदल्या रात्रीं जाऊं नये. पहिला आमच्या दमट हवेंत आंबतो, दुसऱ्या मऊ पडतात. दहा माणसांच्या एका भाजीस दीड किलो बटाटे पुरतात.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. उकडलेला बटाटा झांकलेल्या गरम पातेल्यांत रात्रभर राहूं देऊं नये. परातींत पसरून निववावा व दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा. वाढण्यापूर्वीं भाजी वाफ येईपर्यंत तापवावी. कच्चे बटाटे उलट फ्रिजमध्यें ठेवूं नयेत. थंडीनें त्यांत साखर वाढते व तळतांना ते काळवंडतात. अंधाऱ्या, हवेशीर जागीं ते चांगले राहतात. हिरवे पडलेले बटाटे टाकून द्यावे.

कोणी म्हणेल, एवढ्या साध्या भाजीसाठीं इतिहासाची उठाठेव कशाला? आपल्या जुन्या पंगतींची रीत आठवून पाहा. पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, आणि सकाळपासून चुलीपुढें बसलेल्या स्त्रियांची अगदीं शेवटीं. तोंवर भाजी निवलेली आणि भूक मेलेली असे. ‘अन्न ताजें हवें’ या आग्रहाची किंमत कोण देत होतें, हें त्या वेळीं फारसें कोणी विचारलें नाहीं. शीतळासप्तमीनें वर्षांतून एक दिवस जें दिलें, तें पाहुण्यांच्या प्रत्येक दिवशीं देतां येण्यासारखें आहे. आदल्या रात्रीं घरांतल्या सर्वांनीं मिळून बटाटे सोलावे, आणि दुसऱ्या दिवशीं पानें मांडतांना एक पान गृहिणीचेंही पहिल्याच पंगतींत मांडावें. दूरदेशचा कंद जर आपल्या पंगतींत मानानें बसूं शकला, तर जिनें ती पंगत घातली तिला तेथें जागा असावयासच हवी.