गिअर अडखळतोय? आधी ऑइल तपासा

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलतात ते ऑइलच्या दाबावर. त्यामुळे गिअर उशिरा पडणे, झटका बसणे किंवा इंजिनाचा वेग वाढूनही गाडीने ओढ न घेणे, अशी लक्षणे दिसताच प्रथम गिअरबॉक्समधील ऑइलची पातळी व रंग पाहावा. पातळी कमी असल्यास गळती शोधावी. काळपट, जळका वास येणारे ऑइल बहुधा क्लच प्लेट झिजल्याचे, तर दुधाळ ऑइल पाणी शिरल्याचे लक्षण असते. ऑइल उत्तम असूनही गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यास दोष विद्युत यंत्रणेत असू शकतो. अशा वेळी स्कॅनरने दोषसंकेत वाचून सेन्सर, सोलेनॉइड व वायरिंग तपासून घ्यावे. एवढे झाल्याखेरीज गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चिक सल्ल्याला संमती देऊ नये.