२२ पैकी २१: फोनवरचा डॉक्टर, वॉर्डातली नर्स आणि आपण पाठ केलेला एक आकडा

नेट-सेटसाठी सामाजिक मानसशास्त्र वाचताना ‘आज्ञापालन’ या घटकात मिलग्रॅमच्या पाठोपाठ हॉफलिंग येतो. २२ पैकी २१ नर्सनी चुकीची आज्ञा पाळली, एवढं लक्षात ठेवून आपण पुढचं पान उलटतो. या लेखात त्या आकड्यापाशी जरा थांबू. नर्सचा स्वतःचा निर्णय म्हणजे काय, तो कशावर अवलंबून असतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

आधी प्रयोग बघू. चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध १९६६ साली आला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत संध्याकाळी वॉर्डात फोन यायचा. पलीकडचा माणूस आपण डॉक्टर स्मिथ असल्याचं सांगायचा. अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन २० मिलिग्रॅम द्या, मी थोड्या वेळात येतो, तेव्हा सही करतो, असा निरोप. डबीवर स्पष्ट लिहिलेलं होतं: नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १०. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. शिवाय फोनवरून औषध सांगणं नियमाबाहेर, औषध वॉर्डाच्या मंजूर यादीत नाही, आणि आवाज अनोळखी. तरीही २१ जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. तिथे त्यांना थांबवलं गेलं. कॅप्सूलमध्ये अर्थातच नुसतं ग्लुकोज होतं.

याच अभ्यासाचा दुसरा भाग परीक्षेत फारसा येत नाही. फोन न करता, हीच परिस्थिती कागदावर मांडून इतरांना विचारलं की तुम्ही काय केलं असतं? १२ पैकी १० नर्स म्हणाल्या, औषध दिलं नसतं. नर्सिंगच्या २१ विद्यार्थिनींपैकी तर सगळ्याच तसं म्हणाल्या. आता विचार करा, फक्त प्रश्नावली वापरली असती तर निष्कर्ष किती वेगळा आला असता! माणूस काय करेन म्हणतो आणि काय करतो, यांतलं अंतर इथे एका डोसएवढं उघडं दिसतं.

मग या २१ जणी निष्काळजी होत्या का? इतिहास बघितला तर उत्तर इतकं सोपं राहत नाही. १८९३ मध्ये डेट्रॉईटमध्ये तयार झालेली नाइटिंगेल प्रतिज्ञा आठवा. आपल्याकडेही नर्सिंग कॉलेजांच्या दीपप्रज्वलन समारंभात ही प्रतिज्ञा घेतली जाते. तिच्या मूळ रूपात घातक औषध जाणूनबुजून देणार नाही, हे वचन आहे आणि डॉक्टरांना निष्ठेने साथ देईन, हेही आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची पहिली आचारसंहिता १९५३ ची. तिच्यातही डॉक्टरांच्या सूचना समजून-उमजून आणि निष्ठेने पाळणं हे कर्तव्य होतं, आणि अनैतिक गोष्टीत सहभागी न होणंही. या दोन कर्तव्यांत टक्कर झाली तर काय करायचं? फोनच्या त्या क्षणी प्रत्येकीला नेमकं हेच एकटीने ठरवायचं होतं.

१९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या मानसोपचारतज्ज्ञाने ‘डॉक्टर-नर्स खेळ’ वर्णन केला. नर्सला रुग्णाबद्दल बरंच कळतं, ती सुचवतेही, पण असं की ती कल्पना डॉक्टरांचीच वाटावी. म्हणजे निर्णयक्षमता नव्हती असं नाही. ती उघडपणे वापरायची सोय नव्हती.

१९७३ मध्ये परिषदेची आचारसंहिता बदलली. नर्सची पहिली जबाबदारी, जिला किंवा ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीशी, असं आता ठरलं. डॉक्टरांशी निष्ठेचं जुनं कलम गेलं.

१९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी हॉफलिंगचा प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला. या वेळी औषध व्हॅलियम, म्हणजे सगळ्यांच्या परिचयाचं. फोनवर नाव सांगितलं ते रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांचं. आणि नर्सना सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक होती. जास्तीचा डोस द्यायला १८ पैकी फक्त २ जणी तयार झाल्या.

इथे घाई करू नका. ‘दहा वर्षांत नर्स धीट झाल्या’ असं लिहायचा मोह होतो. पण दोन अभ्यासांमध्ये औषध बदललं, डॉक्टर बदलला, विचारायची मुभा बदलली, आणि काळही बदलला. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर कशाचा परिणाम किती, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. नमुनेही लहान आहेत. ठामपणे म्हणता येतं ते एवढंच: २२ पैकी २१ हा नर्सच्या स्वभावाचा कायमचा आकडा नाही. त्याला परिस्थिती चिकटलेली आहे.

हे महत्त्वाचं का? वॉर्डात चूक झाली की बोट आधी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे जातं. तिने विचारायला हवं होतं, असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिला औषधाची माहिती होती का? शंका आली तर विचारायला शेजारी कोणी होतं का? ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ असं म्हटल्यावर तिला ओरडा बसला असता का? हे प्रश्न न विचारता फक्त तिला दोष दिला, तर पुढच्या रुग्णाचा धोका तसाच राहतो.

आणखी एक. त्या २२ जणींची संमती कोणी घेतली नव्हती. कामाच्या वेळेत, त्यांच्या नकळत त्यांची परीक्षा झाली. आज असा प्रस्ताव घेऊन नैतिकता समितीसमोर गेलात तर पहिला प्रश्न यावरच येईल. तुमच्या संशोधन आराखड्यात हॉफलिंगचा संदर्भ देणार असाल तर निष्कर्षासोबत हीही बाजू लिहा, आणि १९७७ चा अभ्यास सोबत वाचल्याशिवाय तो आकडा वापरू नका.